पॉइंट पंचेचाळीसची पाती

मायक्रॉनरावांना मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं हे नाव कोणी दिलं ते कारखान्यात आता कोणालाच आठवत नाही. देणारा बहुधा कधीच निवृत्त होऊन गेला. पण नाव असं चिकटलं, की पगारवाढीची पत्रं वाटताना कोणी खऱ्या नावाने हाक मारली तर तेच मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून.

कारखाना बेअरिंगचा. मायक्रॉनराव तिथे एकतीस वर्षं शेवटच्या तपासणीच्या टेबलावर बसले. मापं घ्यायला मशीन होतं. व्यास, रुंदी, गोलाई, सगळं पडद्यावर हिरवं नाहीतर लाल होऊन दिसायचं. पण मशीनने हिरवा कौल दिलेलं बेअरिंगसुद्धा कधीकधी आतून खोटं असतं. एखाद्या गोळीवर केसाएवढा ओरखडा, नाहीतर खोबणीत अडकलेला धुळीचा कण. ते कळायचं तर आतली कडी अंगठ्यावर बसवायची, बाहेरची हळूच फिरवायची आणि बोटांना काय सांगितलं जातं ते ऐकायचं. मायक्रॉनराव हे काम खिडकीबाहेर बघत करायचे. टेबलावर नवा माणूस आला की त्याला पहिला धडा हाच. "डोळे तिकडे कर. डोळे मध्येमध्ये बोलतात."

मशीनने पास केलेली बेअरिंगं त्यांनी दिवसाला दोन-तीन तरी बाजूला काढली, आणि ती कापून बघितल्यावर प्रत्येक वेळी आत काहीतरी निघालं. ही बेअरिंगं लिफ्टमध्ये बसायची, रुग्णालयातल्या पंपांत बसायची. त्यामुळे त्यांचा हात लागल्याशिवाय माल दाराबाहेर जात नव्हता.

मागच्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, मग सहा महिने केमो. शेवटची बाटली चढून चार महिने झाले होते. महिन्याभरापूर्वीचा स्कॅन स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, "सुटलात." बायकोने डोळ्यांना रुमाल लावला. तिचा भाऊ दवाखान्याच्या पायऱ्यांवर बसून लहान पोरासारखा रडला आणि मग उठून भेटेल त्याला मिठाई वाटत सुटला. मायक्रॉनराव रिपोर्टच्या पाकिटाकडे बघत राहिले. पाकिटाला मारलेली पिन तिरकी होती. तेवढंच त्यांच्या मनात आलं.

बोटांचं मात्र त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं.

औषधाने बोटांच्या टोकांच्या नसा मरगळतात, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं. "बऱ्याच जणांची जाणीव परत येते. वर्ष लागतं, दीड वर्ष लागतं. काहींची नाही येत." मायक्रॉनरावांची आली नव्हती. दहाही बोटांवर कोणीतरी पातळ रबर चढवून ठेवल्यासारखं वाटायचं. वस्तू धरली आहे हे कळे. ती गरम आहे की थंड, गुळगुळीत की खरखरीत, यातलं काही कळत नसे. औषधाने बोटं बधिर झाली हे एक वेळ समजण्यासारखं होतं. पण आतलंही सगळं तसंच झालं होतं, आणि त्याचं कारण कुठल्याच कागदावर छापलेलं नव्हतं. लोक भेटायला येत, अभिनंदन करत. ते "हो, हो" म्हणत. लोक गेले की ते त्याच खुर्चीत, त्याच बाजूला तोंड करून बसून राहत.

कारखान्याच्या डॉक्टरांनी कामावर परतण्याआधी तपासलं. फॉर्मवर प्रश्न होता. "हातापायाला काही त्रास?"

"नाही," मायक्रॉनराव म्हणाले.

एक शब्द. डॉक्टरांनी सही केली. सोमवारी सकाळी टेबलावर हजर व्हायचं ठरलं.

आता गाडीची गोष्ट. गाडी बारा वर्षांची, लहानशी. केमोच्या दिवसांत गार वस्तूला हात लागला की त्यांना सुया टोचल्यासारखं व्हायचं, गार हवाही सोसायची नाही. त्यामुळे ते सहा महिने बायकोने गाडीचा एसी बंद ठेवूनच त्यांना नेलं-आणलं, घाम पुसत, खिडक्या उघड्या टाकून. यंदा ऊन तापायला लागल्यावर तिने पहिल्यांदा एसी लावला. दहा मिनिटं गार हवा आली, मग कोमट, मग रस्त्यावरची.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडून, मान हलवून, पूर्ण कॉम्प्रेसरच बदलायला सांगितला.

"गॅरेजवाल्याला कॉम्प्रेसर विकायचाय, दाजी," मेहुणा म्हणाला. त्याचं सुट्या भागांचं दुकान होतं, त्यामुळे कोणाला काय विकायचं असतं हे त्याला बरोबर कळे. "क्लचची गॅप वाढली असेल. बारा वर्षांत कोणाची वाढत नाही?"

मायक्रॉनरावांनी त्या संध्याकाळी इंजिन तापेपर्यंत गाडी चालू ठेवली. हवा कोमट झाल्यावर त्यांनी वरून झाडूचा लांब दांडा घातला, सांभाळून, पट्ट्यापासून लांब, आणि कॉम्प्रेसरच्या तोंडावरची चकती हलकेच आत दाबली. टक्. चकती चिकटली, फिरायला लागली, गाडीत गार हवा आली. म्हणजे कॉम्प्रेसर धडधाकट होता. बिचाऱ्याला कामाला लावणाराच कोणी नव्हता.

एसीचा क्लच म्हणजे तसं साधं प्रकरण. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पुली सतत फिरत असते. तिच्यासमोर एक चकती असते, स्प्रिंगवर बसवलेली, आणि ती कॉम्प्रेसरच्या दांड्याला जोडलेली. दोघींमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट. बटण दाबलं की पुलीमागची तारांची गुंडाळी लोहचुंबक होते आणि चकतीला ओढून पुलीला चिकटवते. वर्षानुवर्षं चिकटून-सुटून दोघी झिजतात, फट वाढते. गुंडाळी गार असताना तिचं बळ पुरतं. तापली की तिचं बळ कमी होतं आणि चकती जागची हलत नाही. उपाय असा, की चकतीमागे दांड्यावर कागदासारखे पातळ वॉशर असतात, त्यातला एखादा काढायचा. फट कमी होते. गॅसला हात लावायला नको, गॅरेजही नको. फक्त फट मोजता आली पाहिजे. गाडीच्या पुस्तकात माप दिलं होतं, पॉइंट पस्तीस ते पॉइंट साठ मिलिमीटर.

मायक्रॉनरावांनी पुस्तक मिटलं आणि मनाशी एक गोष्ट ठरवून टाकली. फट हाताने बरोबर जमली, तर सोमवारी टेबलावर बसायचं. नाही जमली, तर साहेबांना फोन करून खरं सांगायचं. टेबल सोडायचं म्हणजे एकतीस वर्षांत जे एकच येत होतं ते सोडायचं. हे ठरवताना छातीत काहीतरी धडधडायला हवं होतं. त्यांनी वाट पाहिली. काही झालं नाही. मग ते जॅक शोधायला गेले.

शनिवारी सकाळी मेहुणा वॉशरचं पाकीट घेऊन आला. घरामागच्या फरसबंदी अंगणात गाडी उभी होती, पुढचं उजवं चाक काढलेलं, खाली लोखंडी स्टँड. मायक्रॉनराव चाकाच्या खोबणीतलं प्लास्टिक सोडवत होते.

"ताई!" मेहुण्याने स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून आरोळी ठोकली. "दाजी माणसात आले गं! गाडीखाली गेलेत!"

"मग काढ त्यांना बाहेर आणि तू जा," आतून उत्तर आलं.

"मी पार्ट विकतो, बसवत नाही. माझ्या हाताला यश नाही, तुला माहितीय."

"माहितीय. माझा मिक्सर अजून माळ्यावर पडलाय."

"तो मी दुरुस्त केला होता!"

"म्हणून तर पडलाय."

मायक्रॉनरावांच्या तोंडावर हसू आलं नाही, पण त्यांनी थांबून दोघांचं ऐकून घेतलं. मग पाना लावला. हातातला एक छोटा बोल्ट खाली पडला होता. तो पडल्याचं त्यांना फरशीवरच्या आवाजाने कळलं. बोटांना पत्ताच नव्हता. मेहुण्याने उचलून दिला आणि मनावर घेतलं नाही. बोल्ट काय, सगळ्यांचेच पडतात.

फट मोजायला फिलर गेज लागतं. चाकूसारखा उघडणारा पोलादी पात्यांचा जुडगा, प्रत्येक पातीवर तिची जाडी कोरलेली. पाती फटीत सरकवायची. सैल गेली तर पुढची जाड घ्यायची. जी जाते, पण जाताना जरा कुरकुरते, पुस्तकाच्या पानांतून पोस्टकार्ड ओढावं तशी, तीच खरी. सगळी गंमत त्या कुरकुरीत आहे.

मायक्रॉनरावांनी नजर समोरच्या भिंतीवर लावली. सवयच ती. साठची पाती गेली. सत्तरची गेली. ऐंशी गेली, नव्वदही गेली. पंच्याण्णव गेली. एक मिलिमीटरची अडली.

"पंच्याण्णव," ते म्हणाले.

"बापरे," मेहुणा म्हणाला. "गॅप आहे की दरवाजा?"

एरवी हा आकडा ऐकून मायक्रॉनराव स्वतःच हसले असते. पंच्याण्णवची फट असती तर गार इंजिनावरसुद्धा चकती ओढली गेली नसती. दहा मिनिटं गार हवा आली ती कुठून? हे गणित त्यांना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी आलं असतं. पण त्यांनी ते केलं नाही. हाताने सांगितलं ते माप, आणि हाताच्या मापावर एकतीस वर्षांत त्यांनी कधी शंका घेतली नव्हती. चुकीला तेवढीच वाट पुरली. चकती स्प्रिंगवर बसलेली असते. पाती रेटली की चकती मागे सरकते आणि जाड पातीलाही जागा करून देते. कुरकूर कळली असती तर हात तिथेच थांबला असता. ती कळत नव्हती, म्हणून हात रेटत गेला. खरी फट होती पॉइंट पासष्ट.

त्यांनी मधला बोल्ट सोडला, चकती काढली, पॉइंट पाचचा एक वॉशर बाजूला ठेवला आणि सगळं पुन्हा बसवलं. पंच्याण्णवातून पन्नास गेले, राहिले पंचेचाळीस. मग पंचेचाळीसची पाती घालून बघितली. गेली. म्हणजे झालंच.

दुपारी तिघं गाडीत बसून निघाले. चालवायला बायको. एसीने मान टाकली नाही. पाच मिनिटं, दहा, वीस. मेहुणा मागच्या सीटवर झऱ्याकडे तोंड करून बसावं तसा हवेकडे तोंड करून बसला होता.

"दाजी, गॅरेजवाल्याला फोन लावू? त्याचा चेहरा बघायचाय मला."

"फोनवर चेहरा दिसतो का रे?" बायको म्हणाली आणि घराच्या वळणावर तिने एसी बंद केला.

त्याबरोबर बॉनेटखालून बारीक किंचाळी सुरू झाली. एसी बंद, तरी किंचाळी चालू. मग जळका वास आला, रबर आणि रंग एकत्र जळाल्यासारखा. बायकोने गाडी अंगणात आणून घाईघाईने बंद केली.

"पुलीचं बेअरिंग," मेहुण्याने निकाल दिला. "गेलं ते! बारा वर्षांची गाडी. काय योग आहे बघा, बेअरिंगवाल्याच्या गाडीचं बेअरिंग! मी उद्या सकाळी नवी पुली घेऊन येतो."

मायक्रॉनरावांचे कान शाबूत होते. बिघडलेलं बेअरिंग गुरगुरतं, जात्यासारखं. ही किंचाळी चपट्या लोखंडाला चपटं लोखंड घासल्याची होती. म्हणजे तापून फुगल्यावर चकती पुलीला टेकत होती, फट उरली नव्हती. म्हणजे माप चुकलं होतं. हे सगळं त्यांना गाडी अंगणात शिरेपर्यंत कळलं होतं.

"असेल," ते म्हणाले.

रात्री जेवताना बायकोने एकदाच विचारलं, "बेअरिंगच आहे ना?" त्यांनी भाजी पुढे ओढली. "मेहुणेबुवा म्हणतायत ना." ताटं उचलताना तिने त्यांच्या हातांकडे पाहिलं आणि नळ सोडला.

ठरवलेलं पाळायचं तर फोन तेव्हाच व्हायला हवा होता. पण बेअरिंगचं निमित्त आयतं हाताशी आलं होतं. नवी पुली बसेल, त्या गडबडीत वॉशर परत घालता येईल, फट नजरेच्या अंदाजाने जुळवता येईल आणि सोमवार येईल. टेबलावर खिडकीबाहेर बघत बेअरिंगं फिरवली की कोण विचारणार होतं, बोटांना काय ऐकू आलं म्हणून? मशीन हिरवं दाखवतंय म्हटल्यावर सगळी पास करायची. ते विचार करत राहिले, आणि त्या विचाराची त्यांना लाजही वाटली नाही, भीतीही नाही. दोन वेगवेगळ्या खोक्यांची उंची ताडून बघावी तसे दोन्ही पर्याय शेजारी ठेवून ते बघत होते. तसेच झोपी गेले.

रविवारी मेहुणा यायच्या आधीच चाक पुन्हा निघालेलं होतं. मायक्रॉनराव गाडीशेजारी पाटावर बसले होते, गेज मांडीवर. बराच वेळ तसेच बसले असावेत, कारण बायकोने आणून ठेवलेल्या चहावर साय धरली होती.

"अहो, चहा."

"जरा इकडे ये," ते म्हणाले. "हात पूस आणि ये."

ती पदार्थविज्ञान शिकलेली नव्हती. रक्त तपासणाऱ्या प्रयोगशाळेत बावीस वर्षं लोकांच्या हातातून रक्त काढत होती. गुडघे मोडून ती त्यांच्या शेजारी बसली. त्यांनी चकती दाखवली, पुली दाखवली, मधली रेघ दाखवली.

"यात ही पाती सरकवायची. अडली तर पातळ घे. सैल गेली तर जाड घे. जाताना जरा कुरकुरली की थांब. आणि बघू नकोस. डोळे तिकडे…"

"मला शिकवू नका," ती म्हणाली. "शीर काय बघून सापडते? बोट ठेवून सापडते. माणूस बोलत असतो, मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत असते."

तिने जुडगा उघडला. पहिली पाती लावली, दुसरी लावली. तिचा हात अगदी हलका होता, पाती जेमतेम धरलेली. मायक्रॉनराव तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"पंधराची जातेय. कुरकुरतेय," ती म्हणाली. "वीसची नाही जात."

"पंचेचाळीसची जायला हवी. काल गेली होती."

तिने पंचेचाळीसची पाती काढली, फटीच्या तोंडाशी टेकवली आणि जरा जोर दिला. पाती आत गेली. "ढकलली तर कुठलीही जाईल. ही चकती मागे सरकतेय, बघा ना."

मायक्रॉनरावांनी बघितलं. चकती मागे सरकत होती. कालही सरकली असणार, त्यांच्याच हाताखाली.

बायकोने पाती पदराला पुसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"शेवटच्या दोन बाटल्या राहिल्या होत्या तेव्हापासून."

"मला वाटलंच होतं. परवा शेगडीवरचं पातेलं नुसत्या हाताने उचललंत तुम्ही. मी दारात उभी होते. फोड आला तरी तुम्हाला दुसऱ्या दिवशी दिसला."

"बोलली नाहीस."

"तुम्ही तरी कुठे बोललात?"

शेजारच्या घरात कोणीतरी बादली भरत होतं. पाण्याचा आवाज बारीक होत होत थांबला.

"कारखान्याच्या डॉक्टरला काय सांगितलंत?"

"काही त्रास नाही म्हटलं."

"आणि उद्या टेबलावर बसणार होतात."

ती चिडली नव्हती. प्रयोगशाळेत चिठ्ठीवरचं नाव आणि नळीवरचं नाव ताडून बघताना जसा आवाज असेल, तसा आवाज होता. "आमच्याकडे शीर सापडली नाही ना, तर आम्ही सुई रेटत नाही. दोनदा बघायचं, मग हात काढून घ्यायचा आणि दुसऱ्याला हाक मारायची. मीसुद्धा मारते. बावीस वर्षं झाली तरी मारते. नाहीतर त्या माणसाचा हात काळानिळा होतो, आपलं काय जातं?"

मायक्रॉनरावांनी मान हलवली. पटलं होतं. पटल्याचं काहीच आत उमटलं नाही, पण पटलं होतं.

"पाकिटातला पॉइंट तीनचा वॉशर काढ," ते म्हणाले. "पंधरा आणि तीस…"

"पंचेचाळीस. तेवढं येतं मला."

चकती पुन्हा निघाली. तिचा चेहरा एका बाजूने काळवंडला होता. मायक्रॉनरावांनी तो बारीक सँडपेपरने गोल गोल घासून साफ केला. तेवढं डोळ्यांनी बघून करता येत होतं. वॉशर तिने बसवला. तो दांड्यावर सरळ बसला आहे की कड चढली आहे, हेही तिनेच अंगठ्याने चाचपून सांगितलं. बोल्ट त्यांनी आवळला. मग तिने चकतीभोवती तीन ठिकाणी पाती घालून बघितली.

"पंचेचाळीस. इथे पंचेचाळीस. आणि इथे… जरा घट्ट."

"चाळीस बघ."

"चाळीस सैल."

"चालेल. तेवढं चालतं."

"तेवढं चालतं? तुम्हाला?" ती म्हणाली. "कारखान्यात कळलं तर नाव बदलतील तुमचं."

तेवढ्यात मेहुणा फाटकातून आत आला, काखेत पुलीचा खोका. "ही घ्या, नवी कोरी! दुकान उघडून आणलीय, रविवारी."

"परत ने," मायक्रॉनराव म्हणाले.

"परत? अहो, बेअरिंग…"

"बेअरिंगला काही झालेलं नाही. मी माप चुकलो."

मेहुण्याला हसू आलं. "तुम्ही? माप? दाजी, थट्टा करायची तर पटेल अशी करा." मग त्याने बहिणीकडे पाहिलं. बहीण हसत नव्हती. त्याने खोका हळूच बॉनेटवर ठेवला, मग बॉनेट तापेल म्हणून उचलून पुन्हा काखेत घेतला. कुठे ठेवावा हे त्याला काही केल्या सुचेना.

"बोटं गेलीत," मायक्रॉनराव म्हणाले. "औषधाने. काही कळत नाही त्यांना."

"येतील की हो परत," मेहुणा पुटपुटला.

"येतील. किंवा नाही येणार."

चाक चढलं. बायको गाडीत बसली, इंजिन चालू केलं. चाळीस मिनिटं चालवून बघायचं, मध्येमध्ये एसी बंद करून किंचाळी येते का ऐकायचं, असं ठरलं. मेहुणा बॉनेटपाशी कान लावून उभा राहिला. मायक्रॉनराव भिंतीच्या सावलीत गेले आणि त्यांनी फोन काढला. आकडे दाबताना बोट दोनदा शेजारच्या आकड्यावर पडलं. तिसऱ्यांदा नंबर लागला.

तपासणी विभागाचा साहेब वयाने लहान होता. सतरा वर्षांपूर्वी त्याच टेबलावर, मायक्रॉनरावांच्या शेजारी बसून शिकला होता.

"काका! उद्या साडेसहा! मी गेटवरच थांबतो तुमच्यासाठी. टेबल पुसून ठेवलंय, खुर्ची तुमचीच, कोणाला हात लावू दिला नाही. पोरं सगळी वाट बघतायत. वर्ष होत आलं, नुसत्या मशीनवर चाललंय हो, झोप लागत नाही मला."

"ऐक," मायक्रॉनराव म्हणाले. "मी टेबलावर बसणार नाही."

"म्हणजे? तब्येत…?"

"तब्येत बरी आहे. बोटांना जाणीव नाही. चार-पाच महिने झाले. डॉक्टरला मी खोटं सांगितलं."

मग साहेब म्हणाला, "अजिबात नाही?"

"काल घरी फट मोजली. मिलिमीटरच्या तीस शतांशाने चुकलो. चुकलो ते ठीक, चुकलोय हे कळलं नाही."

"तीस?" साहेबाच्या तोंडून निघून गेलं. त्याने लगेच स्वतःला सावरलं. "होईल, काका. वेळ लागतो म्हणतात."

"लागतो. तोवर माझा हात लागलाय म्हणून कोणी माल सोडू नये. हे उद्या सगळ्यांना सांग. मी सांगितलं तर थट्टा समजतील."

"मग तुम्ही… उद्या येणार की नाही?"

हा प्रश्न मायक्रॉनरावांनी स्वतःला विचारलेलाच नव्हता. टेबल किंवा फोन, एवढंच त्यांनी ठरवलं होतं. फोनच्या पुढे काय, ते कोरं होतं. त्यांनी अंगणात बघितलं. बायकोने एसी बंद केला होता आणि काच खाली करून भावाकडे बघत होती. मेहुणा मान हलवत होता. किंचाळी नव्हती.

"कान आहेत अजून," मायक्रॉनराव म्हणाले. "बेअरिंग कानाजवळ धरून फिरवलं तर किती कळतं ते मला माहीत नाही. कधी करून बघितलं नाही. कमी कळेल. पण पोरांपैकी ज्याचा हात चांगला आहे त्याला शेजारी बसवता येईल."

"या," साहेब म्हणाला. "या तुम्ही. कुठे बसायचं ते बघू. आधी डॉक्टरांकडे जाऊ, तो कागद नीट करून घेऊ."

"हो. तो आधी."

फोन बंद झाला. मायक्रॉनराव सावलीत थोडा वेळ थांबले. आता तरी काहीतरी वाटेल, मोकळं म्हणा, वाईट म्हणा, अशी त्यांची अपेक्षा होती. तसं विशेष काही झालं नाही. पोटात भूक लागल्यासारखं वाटत होतं, आणि सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्यामुळे ती भूकच असावी.

ते गाडीपाशी आले.

"काय म्हणाले?" बायकोने विचारलं.

"ये म्हणाला."

"टेबलावर?"

"नाही."

तिने मान हलवली, घड्याळात पाहिलं आणि पुन्हा एसी चालू केला. टक्. "अजून बावीस मिनिटं राहिलीत. बसा आत."

"डबा लागेल उद्या," मायक्रॉनराव म्हणाले आणि दार उघडून तिच्या शेजारी बसले.